इटलीत प्राचीन इतिहास आणि कला पाहण्यासाठी रोम व फ्लॉरेन्सखेरीज कोणते शहर निवडावे?

रोम आणि फ्लॉरेन्स पाहून झाल्यावर उरलेले दोन दिवस कोणत्या जुन्या शहराला द्यावेत, असे आपण विचारले आहे. मी निःशंकपणे रावेन्नाचे नाव सुचवेन. इ. स. 402 मध्ये सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी येथे हलवली, कारण भोवतालच्या दलदलीमुळे शहरावर चालून येणे अवघड होते. पुढे ऑस्ट्रोगॉथ या जर्मानिक लोकांचा राजा थिओडोरिक याने येथून राज्य केले आणि 540 मध्ये बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या सैन्याने शहर जिंकले. या तिन्ही राजवटींच्या खुणा तेथील मोझेक चित्रांत, म्हणजे काचेचे व दगडाचे छोटे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रांत, आजही दिसतात.

सुरुवात सांत आपोलिनारे नुओवो या चर्चपासून करावी, असा माझा आग्रह आहे. थिओडोरिकने ते आपल्या राजवाड्याचे प्रार्थनामंदिर म्हणून बांधले. आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर त्याचा राजवाडा चितारलेला आहे. कमानींत पूर्वी माणसांच्या आकृती होत्या. थिओडोरिक एरियन या, बायझंटाइन चर्चने पाखंडी मानलेल्या ख्रिस्ती पंथाचा असल्याने बायझंटाइन काळात त्या उखडून त्या जागी पडदे दाखवण्यात आले. मात्र खांबांवरचे तुकडे काढायचे राहून गेले, त्यामुळे पडद्याआडून पुढे आलेले पंजे पांढऱ्या खांबांवर आजही स्पष्ट दिसतात. ते पाहताना मी बराच वेळ जागचा हललो नाही. सत्तांतर म्हणजे काय, हे इतक्या जवळून दाखवणारी भिंत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

त्यानंतर 547 मध्ये अभिषेक झालेले सान व्हिताले हे चर्च पाहावे. तेथील मोझेकमध्ये वेदीच्या एका बाजूला बायझंटाइन सम्राट जस्टिनियन आणि समोर सम्राज्ञी थिओडोरा परिवारासह उभे आहेत, परंतु या दोघांनी रावेन्नात कधी पाऊल ठेवल्याची नोंद नाही. थिओडोराच्या झग्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटवस्तू घेऊन निघालेले बायबलमधले तीन ज्ञानी पुरुष बारकाईने काढले आहेत. ते नजरेतून सुटू देऊ नका. सोनेरी भागासाठी काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवलेला असतो आणि तुकडे किंचित तिरके बसवल्यामुळे आपण दोन पावले सरकलो तरी भिंतीवरची चमक जागा बदलते. छायाचित्रांत हा परिणाम उतरत नाही, म्हणूनच प्रत्यक्ष जाण्याला पर्याय नाही.

त्याच आवारात होनोरियसची सावत्र बहीण गाल्ला प्लासिदिया हिच्या नावाने ओळखली जाणारी छोटी वास्तू आहे. बाहेरून ती साध्या विटांची दिसते. आत मात्र अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या पातळ तावदानांतून झिरपणाऱ्या मंद उजेडात गर्द निळे छत आणि त्यावरचे सोनेरी तारे दिसतात. गर्दीच्या दिवसांत आत मोजकीच मिनिटे थांबू देतात, म्हणून डोळे अंधाराला सरावल्यावरच मान वर करावी.

वेळ उरल्यास 1321 मध्ये येथेच मरण पावलेल्या इटालियन कवी दान्तेची समाधी पाहावी आणि शहराबाहेर थिओडोरिकच्या थडग्यापर्यंत जावे. त्याचे घुमटाकार छप्पर म्हणजे शेकडो टन वजनाचा एकच अखंड दगड आहे.