वाचक विचारतात: वेल्लोरचे डॉ. ब्रँड आणि वाकडी बोटं

प्रश्न: आमचे आजोबा मिरजेचे. ते एका गोऱ्या मिशनरी सर्जनबद्दल सांगायचे, की तो कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटं ऑपरेशन करून सरळ करायचा. हे मिरजेचे वॉनलेस डॉक्टरच ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर: आजोबांनी बहुतेक दोन डॉक्टर एकत्र केलेत. विल्यम वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे, त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल काढलं. बोटांवाले म्हणजे डॉ. पॉल ब्रँड, ते बरेच नंतरचे आणि वेल्लोरचे. १९१४ चा जन्म, तोही इथलाच, तमिळनाडूतला, आणि लहानपण गेलं कोल्ली डोंगरात, कारण आईवडील तिथेच मिशनरी होते. नऊ वर्षांचा असताना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवला, वडील इकडे १९२९ ला तापाने गेले, आई मात्र इथेच राहिली आणि म्हातारपणीसुद्धा डोंगर सोडायला तयार नव्हती. पोरगा आधी बांधकाम-सुतारकाम शिकला, मग डॉक्टर झाला, लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात सर्जरी शिकला आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आला.

कुष्ठरोगाकडे वळला तो कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. कॉक्रेन यांच्यामुळे. ते त्याला चेंगलपट्टूचं रुग्णालय दाखवायला घेऊन गेले. तिथे बोटं आत वळलेल्या एका माणसाला ब्रँड म्हणाला, माझा हात दाब बघू, तर त्या माणसाने असा काही दाबला की डॉक्टरच कळवळला! म्हणजे हात मेलेला नव्हताच, ताकद होती. नंतर उलगडा झाला तो असा, की हे जंतू थंड जागा धरतात, त्यामुळे कोपर, मनगट अशा जिथे नस (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) कातडीच्या जवळून जाते तिथे ती बिघडते, तळहातातले बारीक स्नायू लुळे पडतात, पण कोपर ते मनगट या भागातले बरेच मोठे स्नायू शाबूत राहतात कारण त्यांच्या नसेला फाटे वरच्या बाजूलाच फुटलेले असतात. मग त्यातल्या एका चांगल्या स्नायूचा टेंडन (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) काढायचा आणि लुळ्या बोटाला नेऊन जोडायचा. १९४८ पासून त्यांनी ही ऑपरेशनं सुरू केली. पुढे पेशंटला ते बोट हलवायला नव्याने शिकावं लागतं, हा भाग बातम्यांत कधी येत नाही पण निम्मं काम तेच आहे.

प्रश्न: पण कुष्ठरोगात बोटं झडतात ना? मग सरळ करून काय उपयोग?
– एक वाचक, वर्धा

उत्तर: झडत नाहीत हो! हेच तर ब्रँडने दाखवून दिलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम ऑपरेशन नाही, हे आहे. एकदा कुलूप गंजलं होतं, किल्ली काही केल्या फिरेना, तर एका रोगी मुलाने ती हिसका देऊन फिरवली आणि त्याच्या बोटातून रक्त टपकायला लागलं, बघतात तर हाडापर्यंत कापलेलं, आणि मुलाला पत्ता नाही. दुखतच नाही म्हटल्यावर कुठे थांबायचं ते कळणार कसं? चुलीवरचं भांडं तसंच उचलायचं, फोडावर चालत राहायचं, जखम चिघळायची आणि बोट आखडत आखडत जायचं. काहींची बोटं सकाळी उठल्यावर कमी झालेली दिसायची, तेव्हा रात्री पहारा ठेवला तर उंदीर कुरतडत होते आणि माणूस शांत झोपलेला. मग पेशंटना मांजरी पाळायला लावल्या!

आता दुसरी गंमत (गंमत कसली म्हणा). हात सुधारलेले काही जण परत आले ते कुरकुरतच, की डॉक्टर, आता भीक मिळत नाही, हात चांगले दिसतात, आणि काम तर कोणी देत नाही. तेव्हा नवजीवन केंद्र उभं राहिलं, तिथे बरे झालेले लोक सुतारकाम वगैरे शिकायचे, डॉक्टरांची जुनी सुतारकी इथे कामाला आली. बधिर हाताने रंधा कसा मारायचा, हत्याराची मूठ कशी हवी, संध्याकाळी हात कसे तपासायचे, सगळं तिथे. पायांसाठी मऊ रबराच्या चपला केल्या, आजही कुष्ठरोग विभागात एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल म्हणतात ती त्याच घराण्यातली.

आणि हो, अंगावर बधिर चट्टा असेल तर लाजू नका, सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, वेळेवर घेतल्या तर बोटं वाकण्यापर्यंत सहसा वेळच येत नाही.

प्रश्न: एवढं सगळं धर्मांतरासाठीच ना? आणि शेवटी अमेरिकेला गेलेच की!
– एक वाचक, पुणे

उत्तर: श्रद्धाळू ख्रिश्चन होते, लपवायचं काय त्यात, प्रवचनंही करायचे. वेदना ही देवाची देणगी असं ते म्हणायचे, मला हे सगळंच्या सगळं पटत नाही, कॅन्सरच्या पेशंटसमोर म्हणून दाखवा. पण ते हवेत बोलत नव्हते. १९५३ मध्ये इंग्लंडला गेले असताना रेल्वेत बसून बसून थकले, रात्री मोजा काढला तर टाचेला संवेदनाच नाही, सुई टोचली, काही नाही! झालं, आपल्याला पण लागण झाली म्हणून रात्रभर झोप नाही. सकाळी परत सुई टोचली आणि ओरडलेच, आणि त्या वेदनेचा त्यांना किती आनंद झाला म्हणून सांगू.

अमेरिकेचं म्हणाल तर १९६६ मध्ये गेले, पण गेले लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयातच. तिथे त्यांच्या लक्षात आलं की डायबेटिसवाल्यांचे पायही असेच बधिर होऊन बिघडतात, मग वेल्लोरची, जखमी पाय प्लास्टरमध्ये ठेवून बरा करायची आणि चपलांची पद्धत त्यांनाही लागू केली. २००३ ला वारले. तुमच्या घरी कोणाला शुगर असेल तर रोज रात्री उजेडात तळपाय बघायला सांगा, वाकता येत नसेल तर आरसा धरा, आणि बूट घालायच्या आधी हात घालून आत खडा नाही ना ते बघा.