सड्यावरची भेकरं आणि दोन लाख चाळीस हजार

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र सावकाश दोनदा वाचलं. राजापूर तालुक्यात सड्याला, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराला लागून वाडी, दीड एकर भात, ऐंशी काजूची कलमं. तुम्ही बोटीवर इंजिन रूममध्ये फिटर, म्हणजे सात महिने पाण्यावर आणि मग पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेपर्यंत घरी. घरात ७४ वर्षांचे वडील, पत्नी आणि नववीतली मुलगी. गेल्या भादव्यात रानडुकरांनी एका रात्रीत कोपरा लोळवून टाकला, भेकरांनी, म्हणजे त्या छोट्या रानहरणांनी, काजूचे कोवळे शेंडे खाल्ले, आणि हे सगळं तुम्हाला बोटीवर फोनवरून कळलं. सुट्टीवर आल्यावर तुम्ही ठरवलंत की वडिलांची एकनळी बंदूक पुरे झाली, आता लांब पल्ल्याची रायफल घ्यायची. अमेरिकेतल्या बंदरावर एका दुकानात दुर्बिणीसकट पाचशे-सहाशे डॉलरची रायफल तुम्ही पाहिली होती. तशीच स्वस्त आणि अडीचशे मीटरवर भेकर-डुक्कर टिपणारी कुठली घ्यावी, असं तुम्ही विचारता. बाजूला काढलेले पैसे २,४०,००० रुपये. रायफल १,३०,०००, दुर्बीण ५०,०००, कपाट २०,००० आणि काडतुसं-प्रवास ४०,००० असा हिशोबही तुम्ही मांडला आहे.

हिशोब नीट मांडलाय, म्हणून उत्तरही तितक्याच नीट देतो. माझं मत आधीच सांगतो: ही रायफल घेऊ नका. कारण किमतीत नाही. ज्या कामासाठी ती घेताय ते काम तिच्याकडून होणार नाही, आणि जे होईल त्यात तुमची बोटीवरची नोकरी पणाला लागेल.

अमेरिकेत पाहिलेल्या रायफलीपासून सुरुवात करतो, कारण मन तिथे अडकलंय आणि ते मी समजू शकतो. तिकडे हरणाची शिकार कायदेशीर आहे. राज्य सरकार परवाना विकतं, हंगाम ठरवून देतं, किती जनावरं मारायची तेही ठरवतं. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर लागणारा ११ टक्के कर वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. म्हणजे शिकारी जे पैसे मोजतो त्यातला काही भाग जंगलाकडेच परत जातो. अशा व्यवस्थेत रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज अ‍ॅक्सिससारखी साधी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीनंतर हाताने कडी ओढायची) कमी पैशात चोख काम देते. तिकडचे अनुभवी लोक नवख्याला सांगतात की रायफलीवर थोडे कमी खर्च करा, दुर्बीण बरी घ्या, आणि सरावाच्या काडतुसांसाठी पैसे हातात ठेवा. .२७० विंचेस्टर, .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर या काडतुसांची गोळी वेगवान आणि सपाट जाते, त्यामुळे अडीचशे-तीनशे यार्डांवर हरणाला एका गोळीत आडवं करता येतं, तेही नेमबाजाने तेवढ्या अंतरावर सराव केला असेल तर. तुम्ही तिथे राहत असता तर मीही याच हिशोबाने सांगितलं असतं.

पण ती रायफल इकडे येत नाही. नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद सोडले तर १९८० च्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही. इथे हातात पडते ती मुख्यतः इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) रायफल. इंग्रजांनी लष्करी .३०३ चं काडतूस लोकांच्या हाती नको म्हणून हे वेगळं बोअर इथे रुजवलं. रायफल मजबूत आहे, पण गोळी जड आणि संथ. शंभर मीटरवर साइट, म्हणजे नेम धरायची खूण, जुळवली तर अडीचशे मीटरवर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त खाली उतरते. भेकर उभं असतं कमरेइतकंही नाही. शिवाय ती मुळात उघड्या साइटवर चालवायची रायफल आहे, दुर्बीण बसवायची तर कारागीर शोधावा लागेल. तुमच्या हिशोबातले ५०,००० तिथे सगळ्यात वाया जातील.

आता भेकराचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि त्यात भेकर, चितळ, सांबर सगळे आले. नुसती गोळी घालणंच नाही, तर हाका घालून जनावर उठवणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, यालाही कायदा शिकारच म्हणतो. शिक्षा साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड एक लाखापर्यंत. गव्यासारखा पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे कायद्याच्या सर्वांत कडक यादीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. शस्त्र आणि गाडी सरकारजमा होते. शस्त्र परवाना रद्द करून पाच वर्षं नवीन मिळू नये असा आदेश न्यायालय देऊ शकतं. कलमं भेकराने खाल्ली, हे कारण तुम्ही स्वतःच ठरवून चालत नाही.

रानडुकराबाबत वाट थोडी मोकळी आहे, पण ती वन खात्याच्या दारातून जाते. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी अधिकाऱ्याने लेखी दिली तरच, आणि मारलेलं जनावर तुमचं नसतं, ते सरकारचं. त्याच्या मटणाचे वाटे घालायचे नाहीत. आपल्याकडे शिमग्याच्या दिवसांत गावाने मिळून केलेली पारध आणि तिचे वाटे याच्या आठवणी घराघरात आहेत, माझ्याही आजोळी आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. आठवण जपा, तो रिवाज चालवू नका.

यातला आर्थिक धोका मला सर्वांत मोठा वाटतो. तुमची खरी मालमत्ता काजू नाही, भात नाही. तुमची मालमत्ता म्हणजे पासपोर्ट आणि दर वर्षी होणारं साइन ऑन, म्हणजे बोटीवर रुजू होणं. फौजदारी खटला उभा राहिला की पोलीस पडताळणी अडते, पासपोर्टचं नूतनीकरण अडते, कोर्टाच्या तारखा लागतात. तारीख राजापुरात आणि बोट सिंगापुरात, हे जमायचं नाही. एक कॉन्ट्रॅक्ट हुकलं तर सात महिन्यांचा पगार गेला. भेकराने खाल्लेल्या शेंड्यांची किंमत त्यासमोर किती होते, ते तुम्हीच मांडा.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातच दडलेली आहे, तुमच्या लक्षात आली नसेल. डुकरं भातात शिरतात ती भात पोटरीला आल्यापासून कापणीपर्यंत, म्हणजे श्रावण संपता संपता ते आश्विनात. गेली दोन वर्षं या दिवसांत तुम्ही बोटीवर होतात. रायफल चालवायची ती परवान्यावर ज्याचं नाव आहे त्यानेच. मग ती कपाटात राहणार, आणि तुमची पत्नी त्या कपाटाची किल्ली सांभाळणार. घरात मुलगी आहे, वडील थकलेत. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला न्यायचीही तिनेच. हंगामाच्या ऐन तोंडावर शेतीसंरक्षणाच्या बंदुका जमा कराव्या लागतात, ही आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्यांची जुनीच तक्रार आहे. कारणं काही असोत, रात्र शेतकऱ्यालाच जागून काढावी लागते.

रायफलीच्या गोळीला सड्यावर अडवायला काही नसतं, हेही मनात ठेवा. जांभ्यावर लागली तर कुठे उसळेल सांगता येत नाही. न लागली तर तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. आपल्याकडे तीन किलोमीटरमध्ये चार वाड्या येतात, गुरं राखणारी पोरं येतात, कुणी शौचाला गेलेलं असतं. अंधारात बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे कुणाचे, हे ओळखण्यात चूक झाली आणि सोबतचाच माणूस गेला, असं कोकणात घडलेलं आहे. वडिलांच्या एकनळीचा छर्रा जवळच्या टप्प्यावर चालतो आणि लवकर थकतो, म्हणून आपल्या राईत आणि कुंपणाजवळ तीच बरी.

त्या एकनळीचं एक काम मात्र लगेच करा. वडील सत्तरीच्या पुढे गेलेत, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ते हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करता येतो. त्यांच्या पश्चात कागदांसाठी धावण्यापेक्षा आता, ते स्वतः सही करू शकताहेत तेव्हा, हे उरकून घ्या. सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल, तेही याच सुट्टीत. खर्च रायफलीच्या तुलनेत किरकोळ. आणि रायफल घेऊन पुढे विकायचा विचार मनात असेल तर ऐका: घेणाऱ्याकडे त्याच बोअरचा परवाना हवा, आणि विकण्याआधी ४५ दिवस जिल्हाधिकारी किंवा पोलिसांना लेखी कळवावं लागतं. अडीनडीला पैसा मोकळा करणारी ही वस्तू नव्हे.

मग २,४०,००० चं काय करायचं? वडिलांच्या ऑपरेशनसाठी काढलेलं दीड लाखाचं गोल्ड लोन तुम्ही पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलंय. माझी नजर तिथेच थांबली. ११ टक्क्यांनी वर्षाला १६,५०० रुपये व्याज जातंय, आणि दागिने पत्नीचे आहेत. पहिले १,५०,००० तिथे. पीककर्ज फेडायची घाई करू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख योजनेतली राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. फक्त तारीख चुकवू नका. तुम्ही बोटीवर असताना ती तारीख पत्नीच्या फोनवर गजर लावून ठेवा, इतकं साधं आहे.

५०,००० कुंपणासाठी. सौर कुंपणाचं यंत्र साधारण सेकंदाला एक, क्षणभराचा झटका देतं. व्होल्ट मोठे, पण वेळ इतका थोडा की जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर अंतरावर हवी, नाहीतर ते खालून घुसतं. गवत तारेला टेकलं की झटका उतरतो, म्हणून पावसात आठवड्याला एकदा तारेखालची बेणणी करावीच लागेल. हे काम वाडीतल्या एखाद्या मुलाला रोजावर द्या, त्याचा पैसाही याच ५०,००० मध्ये धरा. दोन ठिकाणचे दर मागवा आणि तुमचं गाव वन खात्याच्या अनुदानाच्या यादीत आहे का ते वनरक्षकाला विचारा. घरातल्या मीटरची वीज थेट तारेत सोडायचा सल्ला कुणी देईल. तो अजिबात ऐकू नका, त्यात माणसं मेली आहेत. भेकरांसाठी ऐंशी कलमांना जाळीचे पिंजरे पुरतात. शेंडा त्याच्या तोंडाच्या वर गेला की भेकराचा त्रास उरत नाही.

नुकसान झालं तर भरपाई मागा. कोकणात लोक "मेल्यांनो, किती खेटे घालायचे" म्हणून सोडून देतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. घटनेपासून तीन दिवसांत वन खात्याला कळवायचं, पंचनामा करून घ्यायचा. फळझाडांना पिकापेक्षा वेगळे दर आहेत. पत्नीला सातबारा, बँकेचं पासबुक आणि आधार एका पिशवीत घालून द्या आणि वनपालाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पहाटे फोटो काढायचे, दुपारी अर्ज.

उरलेले ४०,००० बचत खात्यात वेगळे ठेवा. बोटीवरच्या माणसाची नोकरी कायम दिसते, पण साइन ऑफनंतर पगार थांबतो. पुढचं कॉन्ट्रॅक्ट लांबलं तर चार महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा. ४०,००० ही त्याची सुरुवात आहे, पूर्ण रक्कम पुढच्या पगारातून भरा.

आता एक गोष्ट राहते, आणि ती पैशाची नाही. पत्रात एक वाक्य होतं, "हातात रायफल घेतली की बरं वाटतं." ते मी बाजूला सारत नाही. नेम धरायचा आनंद खरा आहे, आणि तो मिळवायला जनावर लागत नाही. ४.५ मिलिमीटर बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, आपल्या घाटाच्या पलीकडचाच मुलगा, २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेऊन आला. गोल्ड लोन फिटल्यावर पहिल्या वर्षी वाचणाऱ्या १६,५०० मध्ये साधी एअर रायफल बसू शकते. मागे मातीचा जाड बांध घालून दहा मीटरवर कागदी लक्ष्य लावा. मुलीलाही शिकवा. बाप सात महिने लांब असतो, सुट्टीत शेजारी झोपून श्वास कसा रोखायचा ते सांगतो, एवढं तिला फार आहे.

तुमचं साइन ऑन जूनच्या शेवटी आहे. त्याआधी दागिने बँकेतून सोडवून आणा, तारा ओढून घ्या आणि वडिलांना घेऊन रत्नागिरीला जाऊन या. जाताना गाडीत त्यांना पुढे बसवा, पाठीला बरं पडेल.