हायब्रीड गाडीची १२ व्होल्टची बॅटरी घरी बदलता येते का? किती वर्षं टिकते?

येते. मी बदलली आहे, जुळे सोलापुरात, भर मे महिन्यात, दाजी शेजारी उभे असताना.

गाडी माझी जुनी कॅमरी हायब्रीड. लग्नकार्यासाठी आम्ही बारा दिवस गावी होतो, गाडी पत्र्याच्या शेडखाली. परतलो तर रिमोट लागेना. रिमोटमधली किल्ली काढून दार उघडलं, बटण दाबलं, दिवे मिचमिचले आणि गप्प. दाजी लगेच म्हणाले, "मोठी, गाडी चालवणारी हायब्रीड बॅटरी गेली. आता घाल दोन-तीन लाख. डिझेल घे म्हणून तेव्हाच सांगितलं होतं." गॅरेजवाल्यानंही बॉनेट न उघडता तेच सांगितलं. याचा राग मला अजून आहे.

मोठ्या बॅटरीला काहीच झालं नव्हतं. तिला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे १२ व्होल्टची छोटी बसली की मोठी भरलेली असूनही उपयोग नाही. मल्टिमीटरवर ९.४ व्होल्ट आले, भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. बॉनेटखाली जंप टर्मिनल असतं, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घेण्याची जागा. तिथे शेजाऱ्यांच्या गाडीची वायर लावली आणि क्षणात 'रेडी', म्हणजे गाडी चालायला तयार असल्याचा दिवा, आलं.

माझ्या गाडीत ही छोटी बॅटरी डिकीत असते. मग तिथलं अस्तर सोडवून १० नंबरच्या पान्यानं आधी निगेटिव्ह काढला. बसवताना तो शेवटी. बॅटरीच्या कडेला वायू बाहेर नेणारी बारीक नळी असते. माझी उन्हानं काडीसारखी कडक झाली होती, हळूच फिरवत काढावी लागली. ती नव्या बॅटरीला लावलीच पाहिजे. आणि बॅटरी डिकीत असेल तर एजीएमच (आत पातळ आम्ल न सांडणारी, बंद प्रकारची) घ्या, दुकानदार स्वस्तातली साधी देऊ करेल तरी.

टिकण्याचं म्हणाल तर माझी चौथ्या उन्हाळ्यात गेली. सोलापूरचं ऊन बॅटरीला थंडीपेक्षा जास्त मारतं. आठवड्यातून अर्धा तास गाडी 'रेडी'त ठेवा. नुसतं अ‍ॅक्सेसरीवर, म्हणजे गाडी 'रेडी' न करता, गाणी लावली तर उलट उतरते.

हो, वॉरंटीत असाल तर हात लावू नका. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरींना तर कधीच नाही. प्लस-मायनस उलटं झालं तर खर्च खरोखर लाखात जाईल. हायब्रीडवरून दुसऱ्याची गाडी जंप करून देऊ नका. मॉडेलनुसार बॅटरीची जागा बदलते, मॅन्युअल बघा.

आणि दाजी, गड्डा यात्रेच्या वेळी तुमच्या डिझेलची बॅटरी बसली होती तेव्हा आम्ही चौघांनी गाडी ढकलली. इंजिन गेलं असं त्या दिवशी कुणीच म्हणालं नव्हतं.