गुडघे दुखतात, मालवणात घरी कार्डिओसाठी कोणतं यंत्र घ्यावं?

पाठीला टेकू असलेली, मॅग्नेटिक रेझिस्टन्सची (म्हणजे चाकाला चुंबकाने अडवून पेडल जड करणारी) व्यायामाची सायकल घ्या. मी रत्नागिरीत ही यंत्रं दुरुस्त करतो, त्यावरून सांगतो. सायकलवर वजन सीट पेलते, गुडघ्यांवर आदळआपट होत नाही. चुंबक चाकाला टेकत नाही, म्हणून ब्रेकचं पॅड झिजण्याचा प्रश्नच नाही. साध्या मॉडेलला वीजही लागत नाही, पावसात लाईट गेली तरी व्यायाम चालू राहतो. ट्रेडमिल नकोच: खाऱ्या, दमट हवेत तिच्या सर्किट बोर्डावर हिरवट गंज चढतो. एलिप्टिकलही (उभं राहून पाय लंबगोल फिरवायचं यंत्र) गुडघ्यांना सोसतं, पण त्यावर माणूस वीतभर तरी उंच होतो आणि माळ्याच्या घरात डोकं आपटतं.

घेताना एवढं बघा:
- पेडल सर्वांत लांब गेल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, इतकी सीट सरकायला हवी.
- यंत्र पडवीत ठेवू नका. रोज घाम पुसा, बोल्टांना अधूनमधून तेलाचा हात द्या.

मात्र सायकलने हाडांवर भार पडत नाही. हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारून थोडं चालणंही ठेवा. गुडघ्याला सूज असेल तर आधी तपासणी, मग खरेदी.