वाचकांचे प्रश्न : ‘सर’ हा शब्द नेमका किती?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. दिवाळीत मुलाकडे बंगळूरला गेले असता नातीची कन्नड मैत्रीण गळ्यातली माळ दाखवून ‘हे माझे सर’ असे म्हणाली आणि घरातले सगळेच बुचकळ्यात पडले. तेव्हापासून माझ्या डोक्यात हा शब्द घोळतो आहे. पावसाची सर, मोत्यांचा सर, ‘तिची सर हिला नाही’ यातली सर, गड सर करणे, सरदार, सरकार, अमृतसर आणि शाळेतले सर, हा सगळा एकच शब्द आहे का? नसेल, तर ते कसे ओळखावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या नातीच्या मैत्रिणीने अगदी बरोबर शब्द वापरला. कन्नडमध्ये गळ्यातल्या माळेला ‘सर’च म्हणतात, ‘मुत्तिन सर’ म्हणजे मोत्यांचा सर. हा शब्द मूळचा संस्कृत असून दोरी किंवा माळ हा त्याचा तिथला अर्थ आहे. मराठीत तो मोत्यांच्या एकेका ओळीपुरता उरला, कन्नडमध्ये सबंध दागिन्याला लागला आणि तमिळमध्ये ‘सरम्’ या रूपात फुलांच्या माळेलाही मिळाला. तमिळनाडूत फटाक्यांच्या माळेला ‘सरवेडि’ म्हणतात, त्यातला ‘सर’ही हाच. म्हणजे बंगळूरच्या त्या माळेचे आणि आपल्याकडच्या तन्मणीच्या सरांचे नाते खरे आहे.

पण आपण दिलेल्या यादीतले बाकीचे शब्द मात्र एका घरातले नाहीत. ते ओळखण्याची पहिली खूण आपल्या तोंडातच असते, ती म्हणजे व्याकरण. पावसाची ती सर, तिचे अनेकवचन सरी. मोत्यांचा तो सर, त्याचे अनेकवचनही सरच. ‘तिची सर हिला नाही’ यातली सर स्त्रीलिंगी आहे, परंतु तिला अनेकवचनच नाही. दोन बहिणींच्या ‘सरी’ तिसरीला येत नाहीत, असे कोणी म्हणत नाही. शाळेतले सर तर कायम आदरार्थी अनेकवचनात असतात : सरांनी सांगितले, सरांना विचारले. शेतातली सरी हा आणखी निराळा शब्द. उसाची लागण करताना सरी आणि वरंबा पाडतात, तिथे एकवचनच ‘सरी’ असल्यामुळे अनेकवचन ‘सऱ्या’ होते. आभाळातून सरी येतात आणि शेतात सऱ्या पडतात, हा भेद व्याकरणाचे पुस्तक कधीही न उघडलेला शेतकरी एकदाही चुकत नाही.

व्याकरणाने शब्द वेगळे करता येतात, पण त्यांची कुळे कळण्यासाठी मागे जावे लागते. आपल्या यादीतली ‘बरोबरी’ या अर्थाची सर प्राकृताकडे बोट दाखवते. संस्कृत ‘सदृश’चे प्राकृतात ‘सरिस’ झाले; आपला ‘सारखा’ आणि हिंदीतला ‘सरीखा’ हे त्याच गोतावळ्यातले आहेत. पावसाची सर मात्र वाहण्या-सरकण्याच्या कल्पनेजवळची आहे. संस्कृतात ‘सृ’ हा धातू आहे. त्यापासून सरिता आली, संसार आला, मराठीतले दिवस सरणे आले, प्र लागून पसरणे झाले आणि अप लागून ओसरणे झाले. इथे एक फसवा पाहुणा आहे, त्याला ओळखून ठेवावे. ‘विसरणे’ हे रूप पसरणे-ओसरणेच्या रांगेत चपखल बसते, पण त्याचा ‘सृ’शी काहीही संबंध नाही, ते ‘विस्मृ’पासून, म्हणजे ‘स्मृ’ या धातूपासून आले आहे. कानाला जुळले म्हणून नाते मानायचे नाही, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

अमृतसरातला ‘सर’ म्हणजे तळे. गुरू रामदास यांनी सोळाव्या शतकात जो पवित्र तलाव खोदवला, त्यावरून त्या नगराचे नाव पडले. राजस्थानात लूणकरणसरसारखी ‘सर’ने संपणारी अनेक गावे आहेत आणि वाळवंटात पाणवठ्यावरून गावाला नाव मिळावे यात नवल नाही. या शब्दाचे मूळ रूप ‘सर’ नसून ‘सरस्’ आहे. शेवटचा स् सरोवर आणि सरोज या शब्दांतल्या संधीत ‘ओ’ होऊन दिसतो, आणि सरस्वती या नावात तो जसाच्या तसा टिकून आहे.

आता सरदार, सरकार आणि गड सर करणे. हा ‘सर’ फारसी असून त्याचा अर्थ डोके, आणि त्यावरून शेंडा, टोक, प्रमुख. मराठीत या एका शब्दाने केवढा संसार थाटला आहे! सरनोबत हा घोडदळाचा प्रमुख. सरखेल हा आरमाराच्या प्रमुखाचा किताब, जो कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. सरदेशमुखी हा वसुलाचा दहावा हिस्सा. दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा बाळाजी विश्वनाथांनी 1719 मध्ये दिल्लीहून आणल्या. सरहद्द म्हणजे हद्दीचे टोक. सरासरी हा शब्द ‘सरासर’, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, यावरून आला. 1674 च्या राज्याभिषेकानंतर फारसी पदनामांच्या जागी संस्कृत पदनामे आली आणि सरनोबताचा सेनापती झाला. तरीही मराठी लिहिणाऱ्यांनी पुढे त्याच सेनापतीच्या डोक्यावर ‘सर’ पुन्हा बसवून सरसेनापती केला. आज आपण सरपंच, सरचिटणीस आणि सरन्यायाधीश म्हणतो तेव्हा यात फारसी काय आणि आपले काय, हा प्रश्नही कोणाच्या मनात येत नाही. भाषेने एखादा शब्द आपला केला, असे मी यालाच म्हणतो.

आता आपल्या प्रश्नाचा गाभा असा : तळ्याचा ‘सर’ आणि डोक्याचा ‘सर’ आज अक्षरशः सारखे आहेत, मग ते वेगळे कशावरून? याचे उत्तर ध्वनींच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब फार सुंदर आहे. संस्कृत आणि फारसी या एकाच जुन्या कुळातल्या भाषा. जिथे संस्कृतात ‘स’ असतो, तिथे इराणी भाषांत नियमाने ‘ह’ येतो : सप्त आणि हफ्त, सिंधू आणि हिंदू. उलट जिथे संस्कृतात ‘श’ असतो, तिथे फारसीत बहुधा ‘स’ सापडतो : शत आणि सद, श्वेत आणि सफेद. आता हा हिशेब दोन्ही शब्दांना लावून पाहावा. फारसी ‘सर’चा संस्कृत जोडीदार ‘श’ने सुरू व्हायला हवा, आणि तो तसा आहेच : ‘शिरस्’, म्हणजे डोके. संस्कृत ‘सरस्’चे इराणी रूप ‘ह’ने सुरू व्हायला हवे, आणि तेही सापडते, कारण सरस्वती या नावाचे अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातले रूप ‘हरह्वइती’ असे आहे; आजच्या अफगाणिस्तानातल्या कंदाहारच्या आसपासच्या प्रदेशाला प्राचीन काळी हेच नाव होते. म्हणजे जे सारखे दिसतात ते परके निघाले, आणि ‘सर’ व ‘शिर’ हे जे वेगळे दिसतात ते सख्खे निघाले.

याहून मला अधिक आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. हे नाते कोणत्याही भाषाशास्त्रज्ञाने सांगण्याआधी मराठी कानाने ओळखले होते. पागोट्यावरच्या तुऱ्याला फारसीत ‘सरपेच’ म्हणतात, आपण त्याचा शिरपेच केला. डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख म्हणजे ‘सरोपा’, तो आपल्याकडे शिरपाव झाला. ‘सरजोर’चा शिरजोर झाला. ‘सररिश्ता’चा शिरस्ता झाला आणि तो सांभाळणारा शिरस्तेदार झाला. हजारो वर्षांपूर्वी फुटलेली दोन भावंडे मराठी माणसाच्या तोंडात पुन्हा एकाच शब्दात नांदू लागली.

डोंगर चढणाऱ्यांना तर हे दोन्ही ‘सर’ रोज भेटतात. काराकोरममध्ये दिस्तागिल सर (7,885 मीटर) आणि कंजुत सर (7,760 मीटर) ही शिखरे आहेत. त्यांतला ‘सर’ म्हणजे माथा. हिमाचल प्रदेशात पार्वती खोऱ्यात महाराष्ट्रातली असंख्य मुले ‘सर पास’ला जातात, तिथला ‘सर’ मात्र वाटेवरच्या गोठलेल्या तळ्यावरून आला आहे. परत आल्यावर ती मुले ‘आम्ही सर पास सर केला’ असे सांगतात, तेव्हा त्या एका वाक्यात आधी तळे असते आणि नंतर डोके.

आणखी एक ‘सर’ आपल्या यादीत नाही, पण तो सांगितल्यावाचून राहवत नाही. बंगालीत दुधावरच्या सायीला ‘सर’ म्हणतात, उच्चार ‘शॉर’च्या जवळचा. नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरच्या सरभाजा आणि सरपुरिया या मिठाया याच सायीच्या. हा अर्थही जुना आहे, सुश्रुतसंहितेत दह्यावरच्या सायीला ‘सर’ म्हटले आहे. त्याच आयुर्वेदात वीस गुणांच्या यादीत ‘स्थिर’च्या विरुद्ध ‘सर’ हा गुण येतो, तो अर्थातच ‘सृ’ धातूचा. त्यामुळे एखाद्या औषधाचे वर्णन ‘सर’ असे वाचले तर त्यात साय शोधू नये, ते पोट साफ करणारे आहे एवढेच समजावे.

प्रश्न : मोबाइलच्या खोक्यावर ‘सर’ मूल्य छापलेले असते आणि निसार उपग्रहाच्या बातम्यांत ‘सर’ रडार असे वाचले. हे अर्थही शब्दकोशात घ्यावेत का?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : माझ्या मते घेऊ नयेत. ही दोन्ही इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे. मोबाइलच्या बाबतीत शरीराच्या ऊती किती रेडिओ ऊर्जा शोषतात त्याचे ते माप असून भारतात त्याची मर्यादा किलोमागे 1.6 वॉट आहे. उपग्रहाच्या बाबतीत ते सिंथेटिक अपर्चर रडार आहे : पुढे सरकणारा छोटा अँटेना वाटेत अनेक ठिकाणांहून प्रतिध्वनी टिपतो आणि ते एकत्र करून जणू प्रचंड मोठ्या अँटेनाने घेतल्यासारखे बारकाव्यांचे चित्र तयार होते. इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून गेला. शब्दाला मूळ असते आणि रूपे चालतात. आद्याक्षरांना फक्त विस्तार असतो. म्हणून त्यांची जागा संक्षेपांच्या सूचीत आहे.

प्रश्न : एका व्याख्यानात ऐकले, की शिक्षकांना आपण ‘सर’ म्हणतो तो शब्द संस्कृत ‘शिर’वरून इंग्रजीत गेला. हे खरे का?
– एक शिक्षक, अकोला

उत्तर : खरे नाही. इंग्रजी ‘सर’ हा फ्रेंच ‘सीर’मधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन ‘सेनिऑर’, म्हणजे वयाने मोठा, हा शब्द आहे. त्याचा संस्कृतात नातेवाईक शोधायचाच असेल तर तो वेदांतला ‘सन’, म्हणजे जुना, हा आहे. ‘शिरस्’चे युरोपातले भाऊबंद निराळेच. मेंदूच्या मोठ्या भागाला डॉक्टर ‘सेरेब्रम’ म्हणतात, तो लॅटिन शब्द त्यांपैकी एक.

मराठीने या इंग्रजी शब्दाची जागाच बदलली, याकडे मात्र लक्ष द्यावे. किताब म्हणून तो नावाच्या आधी आणि पहिल्या नावालाच जोडून येतो : सर जमशेटजी, सर फिरोजशहा. ब्रिटिश रिवाजात नुसत्या आडनावाला तो लावत नाहीत. आपण तो आडनावाच्या मागे नेला आणि जोशी सर, पाटील सर असे म्हणू लागलो, कारण राव, पंत, साहेब, बाई हे आपले सगळे आदरशब्द नावामागूनच चालतात. शब्द इंग्रजीचा असला तरी चाल पूर्णपणे आपली आहे.

हा किताब परत केल्याची एक घटना या ठिकाणी आठवते. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि मे महिन्याच्या अखेरीस रवींद्रनाथ ठाकूरांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून ‘सर’ या किताबातून आपल्याला मोकळे करावे असे कळवले. अमृतसरसाठी ‘सर’ सोडले गेले.

प्रश्न : आमच्याकडे हिब्रूत मंत्र्याला ‘सर’ म्हणतात. घरी आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे वडील नेहमी सांगत, की हा सरदार-सरकारातलाच ‘सर’. ते बरोबर होते का?
– एक वाचक, दिमोना (इस्रायल)

उत्तर : आपल्या वडिलांना तसे वाटणे अगदी साहजिक होते, कारण दोन्हीकडे अर्थ प्रमुखाचाच आहे. तरीही ही कुळे वेगळी आहेत. हिब्रू ही सामी कुळातली भाषा. तिच्यातल्या ‘सर’चा जुना नातेवाईक मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत ‘शर्रु’, म्हणजे राजा, या रूपात सापडतो. अक्कादचा सम्राट सार्गोन याच्या नावात तोच आहे. फारसी ‘सर’ची वाट, वर सांगितल्याप्रमाणे, डोक्यापासून निघते. दोन वाटा अर्थाच्या एकाच ठिकाणी येऊन पोचल्या, एवढाच योगायोग.

खरे नाते आपल्या घरातच आहे. हिब्रूत ‘सर’चे स्त्रीलिंगी रूप ‘सारा’ होते, आणि आज इस्रायलमध्ये स्त्री मंत्र्याचे पदनाम तेच आहे. बायबलमधल्या अब्राहामाच्या पत्नीचे नावही हेच, अर्थ राजकन्या किंवा स्वामिनी. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल कुटुंबांत ज्या बायकांना साराबाई अशी हाक मारीत, त्यांच्या नावात आपल्याकडच्या मंत्र्यांचाच ‘सर’ होता.