प्राणवायू की ऑक्सिजन?

‘कोट्यवधी वर्षांपूर्वी प्राणवायू वाढला आणि असंख्य सूक्ष्मजीव मेले’ हे वाक्य एका वाचकाला खटकलं. प्राणवायूनंच प्राण कसे घेतले, असा त्यांचा प्रश्न आहे.

खटकलं ते रास्तच. पंचप्राणांतल्या पहिल्याचं नाव आपण या वायूला दिलं, कारण तो मिळाला नाही तर आपला जीव जातो. बंगालीत याला अम्लजान असा शब्द आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएनं ग्रीकवरून घडवलेल्या ‘ऑक्सिजन’चा अर्थही तोच, आम्ल निर्माण करणारा. पण हायड्रोक्लोरिक आम्लात हा वायू नावालाही नसतो! त्या मानानं आपला शब्द खरा, मात्र या वायूवर जगणाऱ्यांपुरता.

सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू उन्हाच्या जोरावर पाणी फोडून हा वायू सोडत. बराच काळ तो समुद्रात विरघळलेल्या लोहाशी संयोग पावून गंजासारखा तळाशी बसत राहिला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, आणि त्याच्याविना जगणाऱ्यांना ते विषच झालं. तशा जीवांपैकी मिथेन करणारे आजही गोबरगॅसच्या टाकीत सापडतात. टाकीत हवा शिरली की गॅस कमी होतो, कारण त्यांच्या लेखी हा प्राणहारक वायू आहे.

हे विष पचवून त्यावर जगणारा एक जिवाणू दुसऱ्या पेशीत वस्तीला राहिला. आपल्या पेशींतली ऊर्जा पुरवणारी तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) ती हीच. ग्लुकोजच्या एका रेणूतून विनॉक्सिश्वसनात, म्हणजे ऑक्सिजनविना, एटीपीचे (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) २ रेणू पदरात पडतात, ऑक्सिजन वापरणाऱ्या ऑक्सिश्वसनात ३०च्या आसपास. मोठं, हालतं शरीर पोसायचं तर एवढी मिळकत हवीच. तरीही हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण पुढची शंभर कोटींहून जास्त वर्षं तुटपुंजंच राहिलं. एडियाकरन काळातले डोळ्यांना दिसतील एवढे मोठे जीव आले ते सुमारे ५७ कोटी वर्षांपूर्वी. त्यांच्या येण्यात ऑक्सिजनचा वाटा नेमका किती, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे.

शालेय पुस्तकांनी ‘ऑक्सिश्वसन’ हा शब्द घेतला, हे मला फार आवडतं. दवाखान्यातही आपण ‘ऑक्सिजन लावलाय’ असंच म्हणतो. माणसाच्या, जनावराच्या श्वासाबद्दल लिहिताना ‘प्राणवायू’ जरूर वापरावा, गोड शब्द आहे. पण आदिम पृथ्वीबद्दल लिहिताना मी ते वाक्य असं करीन: ‘हवेत ऑक्सिजन साठू लागला, ज्यांना तो सोसला नाही ते मेले किंवा चिखलात दडले, आणि ज्यांनी तो पचवला त्यांचा तो प्राणवायू झाला.’