वाचकांचे प्रश्न : रेव्हरंड टिळक, पाळक आणि शास्त्राचे शिक्षक

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात आम्हाला ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून रे. टिळक भेटले. त्यांच्या नावामागची ‘रेव्हरंड’ ही उपाधी नुसती मानाची होती, की ते खरोखर पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, होते?

उत्तर : ते रीतसर दीक्षा घेतलेले पाळक होते. नारायण वामन टिळकांना ही दीक्षा १९०४ साली मिळाली. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या थिऑलॉजिकल सेमिनरीत भावी उपदेशकांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. पुढे १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा मराठी विभाग त्यांनी सांभाळला. प्रवचने, कीर्तने, भजनांची रचना आणि दारी येईल त्याच्याशी तासन्‌तास चालणारी धर्मचर्चा हा त्यांचा रोजचा उद्योग होता. पाठ्यपुस्तकांनी त्यांची फुले आणि पाखरे उचलली व पाळक मागे ठेवला, हे समजण्यासारखे असले तरी त्यामुळे माणूस अर्धाच हाती येतो, कारण ज्या अभंगांसाठी मराठी ख्रिस्ती मंडळी त्यांना आजही आठवतात, ते पाळकाच्या कामातूनच जन्मले आहेत.

प्रश्न : एवढा संस्कृत जाणणारा, चित्पावन घरातला माणूस ख्रिस्ती झाला तो मिशनऱ्यांच्या आमिषाने, असे आमच्याकडे अजून बोलले जाते. यात तथ्य किती?

उत्तर : घटनांचा क्रम पाहिला की हा आक्षेप टिकत नाही. टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईच्या मृत्यूनंतर लहान वयातच ते घर सोडून नाशिकला गेले आणि तेथे त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. पुढे नागपूरला असताना, जातिभेद आणि मूर्तिपूजा यांपासून मुक्त असा एखादा नवा धर्म आपणच स्थापावा, असा विचार त्यांच्या मनात घोळत होता. म्हणजे ख्रिस्ताचे नाव मनात येण्यापूर्वीच जुन्या घराच्या भिंती त्यांना अपुऱ्या वाटू लागल्या होत्या. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने संस्कृत काव्यावर गप्पा मारता मारता त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. वाचण्याचे वचन दिले होते म्हणून टिळकांनी तो उघडला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायापासून सुरू होणाऱ्या, येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. नव्या धर्मात त्यांना जे हवे होते, ते तेथे आधीच सांगून ठेवलेले होते.

त्यानंतरही मनाची उलघाल चालूच राहिली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लगोलग पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह दुरावल्या आणि ही ताटातूट सुमारे पाच वर्षे चालली. आमिष म्हटले की पदरात काय पडले याचा हिशेब मांडावा लागतो. येथे जमेच्या बाजूला मांडण्यासारखे फार थोडे सापडते.

प्रश्न : मी शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीच्या धर्मशिक्षणाच्या साप्ताहिक शाळेत, शिकवते. टिळक स्वतःला तुकोबांच्या वाटेने आलेले म्हणवीत. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवणाऱ्याने संतांचा असा आधार घ्यावा, हे शास्त्राशी प्रामाणिक राहणे म्हणायचे का?

उत्तर : आपल्या प्रश्नात थोडी काळजी दिसते आणि ती रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुकोबा हा सेतू असून त्यावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशा अर्थाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. सेतू ओलांडायचा असतो, त्यावर घर बांधायचे नसते, आणि टिळकांनीही ते बांधले नाही. मात्र पलीकडे पोहोचल्यावर सेतूची निंदा करण्याची जी रीत त्या काळच्या प्रचारकी वाङ्मयात होती, तीही त्यांनी पत्करली नाही. ज्या प्रवचनाने ते जिंकले गेले, त्याच प्रवचनात येशू म्हणतो की आपण नियमशास्त्र मोडायला नव्हे, तर पुरे करायला आलो आहोत. येशूचे हे बोलणे यहुदी शास्त्राविषयी आहे, परंतु देवाची ही रीत आपल्या देशालाही लागू पडते आणि संतांनी ज्याची वाट पाहिली तो हाच, असा टिळकांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष सर्वांना मान्य होईल असे नाही. मलाही तो काही ठिकाणी फार लवकर काढलेला वाटतो.

भाषेच्या बाबतीत मात्र त्यांचे म्हणणे निर्विवाद होते. त्यांच्यापूर्वी मंडळ्यांत बव्हंशी इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गायली जात. इंग्रजी चालीत ठरावीक अक्षरावर आघात येतो. मराठी शब्दाला तसा आघात नसतो आणि त्याची लय ऱ्हस्व-दीर्घावर चालते, त्यामुळे त्या चालीत बसवताना दीर्घ अक्षर चिरडले जाते आणि ऱ्हस्व उगाच ताणले जाते. शब्द मराठी असूनही गाणे परके वाटते ते यामुळेच. नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. टिळकांनी अभंग आणि ओवी उपासनेत आणली, आणि निरक्षर शेतकरीही पहिल्या कडव्यानंतर धरू शकेल असे भजन मंडळीला मिळाले.

त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, याचा काहींना आजही संकोच वाटतो. पण यशयाच्या सहासष्टाव्या अध्यायात देव म्हणतो की आई मुलाचे सांत्वन करते तसे मी तुमचे करीन, आणि यरुशलेमेसाठी कळवळताना येशू स्वतःला पिले पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. वारकऱ्यांचा हा शब्द शास्त्रातील या प्रतिमेला नेमका जुळतो, हे ज्याला दिसले तो शास्त्र सैल करीत नव्हता. ते अधिक बारकाईने वाचत होता, असे माझे मत आहे.

याच काळात पंडिता रमाबाईंनी अगदी उलट दिशा धरली होती, हेही सांगितले पाहिजे. हिब्रू आणि ग्रीक मुळावरून केलेल्या आपल्या बायबलच्या भाषांतरात, जुन्या धर्मकल्पनांचा वास असलेले संस्कृत शब्द टाळून, खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी मराठी वापरण्याचा त्यांचा कटाक्ष होता. जुन्या शब्दाबरोबर जुना अर्थही आत येतो, ही त्यांची भीती खोटी नव्हती. आपण शिकवताना दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावे, एवढेच सुचवतो.

प्रश्न : १९१७ मध्ये त्यांनी मिशन सोडले. भांडण झाले होते का?

उत्तर : भांडण म्हणता येणार नाही, मतभेद होते आणि ते जुने होते. त्यांनी सोडला तो मिशनचा पगार. ख्रिस्ताला किंवा मंडळीला त्यांनी सोडले नाही. पाळकाचे वेतन परदेशातून येते तोवर तो आपल्या लोकांना परक्यांचा नोकरच वाटणार, आणि मंडळीलाही स्वतःच्या पायांवर उभे राहण्याची गरज भासणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुसंघ व्हावा, अशी योजना होती. येथे कोणीही पाळक अडखळेल. बाप्तिस्मा न घेता शिष्य होता येत असेल, तर ज्याने बाप्तिस्म्यासाठी घरदार गमावले त्याने ते कशासाठी गमावले? पण हा प्रश्न ज्याला सर्वांत अधिक बोचायला हवा, तोच ही योजना मांडत होता, हे विसरून चालणार नाही. जातीबाहेर पडण्याची किंमत त्याने स्वतः मोजली होती आणि ती प्रत्येकाकडून आधीच वसूल करावी असे त्याला वाटत नव्हते. दरबाराला काळच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले.

प्रश्न : लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांचा राग येतो. घर वाऱ्यावर सोडणारा माणूस इतरांचा पाळक कसा?

उत्तर : राग येतो हे लक्ष्मीबाईंच्या लेखणीचे यश आहे. नवऱ्याचा तापटपणा, उधळेपणा, मनात येईल तेव्हा उठून चालू लागणे, यांतले काहीही त्यांनी झाकले नाही, आणि तरीही कडवटपणा येऊ दिला नाही. आपला आक्षेप मी खोडून काढणार नाही. मागेल त्याला देण्याचे वचन डोंगरावरील प्रवचनातच आहे, आणि टिळक ते अक्षरशः पाळत. फक्त दिलेल्या वस्तूवाचून भागवण्याचे काम बहुधा दुसऱ्याच कोणाला करावे लागे. दुसरी बाजूही त्याच पुस्तकात आहे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या बाईंना टिळकांनी बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. त्या परत आल्यावरही निर्णय त्यांच्यावरच सोडला गेला, आणि तो त्यांनी आपल्या बुद्धीने घेतला.

प्रश्न : त्यांचे वाचायला कोठून सुरुवात करावी?

उत्तर : ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती भजनांचे पुस्तक हाताशी असेल तर त्यातील त्यांच्या रचनांपासून करावी, आणि शक्य असल्यास त्या वाचण्याऐवजी कोणाकडून तरी गाऊन घ्याव्यात. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरील ओवीबद्ध काव्य शेवटी घ्यावे. ते टिळकांनी १९०९ साली आरंभले, पण सुरुवातीचे काही अध्यायच त्यांच्या हातून झाले. उरलेला फार मोठा भाग त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुरा केला, तेव्हा वाचताना ओवी कोठे बदलते याकडे लक्ष असू द्यावे.